‘पारणे झाल्यावर पाहू’ : स्तनांच्या कर्करोगात उशिराची किंमत

बाजारपेठेच्या कोणत्याही गावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. खाली कापडाचे दुकान, वर राहते घर. पर्युषण पर्व जवळ आलेले. सासूबाईंची अठ्ठाई ठरलेली, पाहुण्यांची ये-जा सुरू झालेली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या सूनबाईंच्या हाताला एके सकाळी स्नान करताना डाव्या स्तनात बोराएवढी गाठ लागते. ती दुखत नाही, त्वचा लाल नाही, अंगात ताप नाही. क्षणभर मन चरकते. मग त्या स्वतःच स्वतःची समजूत घालतात, ‘पारणे झाल्यावर पाहू.’ पारणे होते, तोच दिवाळीची आवराआवर येते. चोपडीपूजन होते, पाठोपाठ पुतणीचे लग्न येते. लग्नघर शांत होईपर्यंत माघ उजाडतो. तोवर गाठ लिंबाएवढी झालेली असते आणि काखेतही काहीतरी हाताला लागू लागते. तेव्हा कुठे ही गोष्ट पतीच्या कानावर जाते.

अशी घरे एक-दोन नाहीत. त्यांत कोणी निष्ठुर नसते, पैशाची वाण नसते, डॉक्टरही दूर नसतात. रात्री रोजमेळ जुळल्याखेरीज दुकानाचे दार ओढले जात नाही, चार आण्यांचा फरक सापडेपर्यंत वही मिटली जात नाही. त्याच घरात एका स्त्रीच्या शरीरातील एवढा मोठा फरक सहा महिने कोणालाच कळत नाही. स्तनांच्या कर्करोगाविषयी बोलताना औषधे, यंत्रे आणि शस्त्रक्रिया यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु आपल्याकडे अनेक स्त्रियांचे आयुष्य हातून जाते ते या सहा महिन्यांत.

आकडे काय सांगतात

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज स्तनांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने बळी घेतला. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा रोग साधारण दहा वर्षे लवकर गाठतो. तेथे तो मुख्यतः साठीच्या आसपासचा आजार मानला जातो. येथे चाळिशी-पन्नाशीतील स्त्रिया मोठ्या संख्येने रुग्णालयात दिसतात. मुलांची शिक्षणे, लग्ने, सासू-सासऱ्यांचे आजारपण आणि दुकानातील मदत हे सारे ज्या वयात एकाच स्त्रीच्या खांद्यावर असते, नेमके तेच हे वय.

रोग कोणत्या टप्प्यावर सापडतो, यावर पुढचे जवळजवळ सर्व काही अवलंबून असते. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग स्तनापुरताच मर्यादित असताना निदान झाले, तर पाच वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास असते. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास येते. इतकी मोठी तफावत पडते ती मुख्यतः निदानाच्या वेळेमुळे.

आहार शुद्ध, तरीही धोका का?

‘आमच्या घरात कांदा-लसूणही येत नाही, मग हा रोग कसा होईल?’ असा प्रश्न जैन कुटुंबांत स्वाभाविकपणे विचारला जातो. मद्य आणि तंबाखू यांपासून दूर राहण्याचा लाभ निश्चितच आहे. मद्यपानाने स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेले आहे. शाकाहार आणि संयम यांचे आरोग्यावरील उपकारही कोणी नाकारणार नाही. मात्र त्यांना अभेद्य कवच समजणे ही चूक ठरते.

या रोगाची कारणे अनेक आणि गुंतागुंतीची आहेत. पहिले कारण म्हणजे स्त्री असणे आणि वाढते वय. मासिक पाळी लवकर सुरू होणे, रजोनिवृत्ती उशिरा येणे, पहिले अपत्य तिशीनंतर होणे किंवा अपत्य नसणे यांमुळे स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांचा स्तनांवर अधिक काळ परिणाम होत राहतो. स्तनपानाने धोका काही प्रमाणात कमी होतो. रजोनिवृत्तीनंतर वाढलेले वजन आणि व्यायामाचा अभाव यांनी तो वाढतो. व्यापारी कुटुंबांतील कित्येक स्त्रियांचा दिवस घरातच जातो. चालणे घटते, तूप, तळलेले पदार्थ आणि मिष्टान्न मात्र सणासुदीला व पाहुणचारात चुकत नाहीत. आहार शाकाहारी असला, तरी वजन वाढायचे ते वाढतेच.

आनुवंशिकतेविषयीही दोन गैरसमज दूर करायला हवेत. स्तनांच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्के कर्करोगांचा संबंध जन्मतः मिळालेल्या सदोष जनुकाशी असतो. म्हणजे बहुतांश रुग्ण स्त्रियांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कोणाला झालेलाही नसतो. ‘आमच्या घराण्यात नाही’ हे समाधान म्हणूनच अपुरे आहे. दुसरे असे की, हा सदोष जनुक आईप्रमाणेच वडिलांकडूनही येऊ शकतो. मुलीच्या आरोग्याचा इतिहास सांगताना आई, मावशी, आजी यांच्याबरोबर आत्या आणि वडिलांची आई यांचाही विचार करावा. घराण्यात कोणाला कमी वयात स्तनांचा अथवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. पुरुषांनाही क्वचित हा रोग होतो. स्तनांच्या एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण शंभरात एखाद्याचे असते. त्यामुळे पुरुषानेही छातीवरील गाठ दुर्लक्षू नये.

मुंबईतील वीस वस्त्यांचा धडा

लवकर निदान म्हणजे महागडी यंत्रे, अशी समजूत आहे. मुंबईतच झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने या समजुतीला छेद दिला. १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळला उभारलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील अल्प उत्पन्न गटाच्या २० वस्त्यांमध्ये हा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात सहभागी होत्या. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी तपासले. ना मॅमोग्राफीचे यंत्र, ना मोठा खर्च. उर्वरित वस्त्यांतील स्त्रियांना कर्करोगाविषयी माहिती देण्यात आली. या सर्व स्त्रियांचा पाठपुरावा सुमारे वीस वर्षे चालला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर सापडलेल्या कर्करोगांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. पन्नास वर्षे व त्यापुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंत अशी ठोस घट दिसली नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवले गेले. तरुण वयात केवळ नियतकालिक तपासणीवर विसंबता येत नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात काही बदल जाणवला, तर तत्काळ डॉक्टरांकडे जाणे हाच उपाय उरतो, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

याच्या जोडीला चीनमधील एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. शांघायच्या कापड उद्योगातील सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांपैकी निम्म्यांना स्वतःच्या स्तनांची पद्धतशीर तपासणी शिकवण्यात आली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांनुसार, केवळ अशा शिकवणीने मृत्यू कमी झाले नाहीत. निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून आज तज्ज्ञ ठरावीक तारखेच्या काटेकोर स्वपरीक्षणापेक्षा ‘स्तनांविषयी जागरूकता’ या शब्दावर भर देतात. आपले शरीर नेहमी कसे असते हे प्रत्येक स्त्रीला माहीत असावे आणि त्यात वेगळे काही दिसताच तिने थांबू नये, एवढाच त्याचा अर्थ.

काय पाहावे, कधी दाखवावे

पाळी येण्यापूर्वी स्तन जड होणे, दुखणे, हाताला गाठीगाठी लागणे हे पुष्कळदा स्वाभाविक असते. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून साधारण आठवड्याने, स्तन मऊ असताना, आरशासमोर आणि स्नानाच्या वेळी लक्ष द्यावे. रजोनिवृत्ती झालेल्यांनी महिन्यातील कोणताही एक दिवस निवडावा. पुढील बदलांकडे विशेष लक्ष असावे : स्तनात किंवा काखेत नवी गाठ अथवा घट्टपणा, स्तनाच्या आकारात एकाएकी पडलेला फरक, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, स्तनाग्रातून आपोआप, विशेषतः रक्तमिश्रित स्राव येणे, स्तनाग्रावर न भरणारी जखम किंवा खपली, बराच काळ न जाणारी लाली व सूज.

सर्वांत घातक गैरसमज वेदनेविषयी आहे. ‘दुखत नाही, म्हणजे साधी गाठ असणार’ असे बहुतेकींना वाटते. स्तनांचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. न दुखणारी, टणक, हळूहळू वाढणारी गाठ हीच अधिक काळजीची. उलट, स्तनांतील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये हाताखाली सरकणारी गुळगुळीत गाठ बहुधा निरुपद्रवी असते. पण ती कोणती, हे घरातील अनुभवी बाईने सांगण्याची गोष्ट नाही. ते डॉक्टरांनीच ठरवावे. साधा नियम असा : कोणताही बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा एक पाळी होऊन गेल्यावरही राहिला, तर डॉक्टरांची भेट घ्यावी. रजोनिवृत्तीनंतर आढळलेल्या गाठीसाठी आणि रक्तमिश्रित स्रावासाठी तेवढीही वाट पाहू नये.

काही तक्रार नसतानाही तपासणी हवीच. केंद्र शासनाच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, अशी तरतूद २०१६ पासून आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी तिशीनंतर अधूनमधून आणि चाळिशीनंतर दरवर्षी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा शल्यचिकित्सकांकडून तपासून घ्यावे आणि मॅमोग्राफी कधीपासून व किती काळाने करावी, याचा सल्ला त्यांच्याकडूनच घ्यावा. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचे विशेष क्ष-किरण छायाचित्र. त्यातील किरणांची मात्रा अत्यल्प असते. तरुण स्त्रियांचे स्तन घट्ट असल्याने त्यांच्या बाबतीत सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते.

गाठीपासून निदानापर्यंत

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होते, हे आधी ठाऊक असले की भीती निम्मी होते. प्रथम हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी किंवा दोन्ही आणि संशय असल्यास सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून त्याची तपासणी. ‘सुई लावली की रोग पसरतो’ हे वाक्य अजूनही अनेक घरांत ऐकू येते. त्यात तथ्य नाही. बायोप्सी न करता घाईने गाठ कापून टाकणे हेच पुढील उपचारांच्या दृष्टीने अडचणीचे ठरते. बायोप्सीत कर्करोग आढळला, तर तो संप्रेरकांना प्रतिसाद देणारा आहे की नाही आणि त्याच्या पेशींवर विशिष्ट प्रथिन अधिक आहे की नाही, याची चाचणी होते. त्यानुसार शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार, संप्रेरकविरोधी गोळ्या किंवा लक्ष्यवेधी औषधे यांचा क्रम ठरतो.

‘स्तन काढून टाकतील’ या भीतीने कित्येक स्त्रिया मौन धरतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेचे डॉ. बर्नार्ड फिशर आणि इटलीचे डॉ. उम्बेर्तो व्हेरोनेसी यांच्या अभ्यासांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. लवकर सापडलेल्या रोगात केवळ गाठ काढून किरणोपचार दिले, तरी जगण्याचे प्रमाण संपूर्ण स्तन काढण्याइतकेच राहते, हे त्यांतून सिद्ध झाले. म्हणजे ज्या भीतीपोटी स्त्री गाठ लपवते, ती भीती खरी होण्याची शक्यता लपवण्यानेच वाढते.

घरातील अडथळे

गाठ लपवण्यामागे लाज असते, तशीच काळजीही असते. ‘घरात हा रोग आहे असे कळले, तर मुलींच्या सोयरिकी अडतील’ हा विचार अनेक आईंच्या मनात येतो. तो टाळायचा, तर ज्या घरी रुग्ण आहे त्या घराशी समाजाने पूर्ववत वागले पाहिजे. स्थळ पाहताना आजाराची कुजबुज करण्याची सवय सोडली पाहिजे. काही घरांत गाठीवर लेप, काढे, मंतरलेले पाणी यांत महिने जातात. आयुर्वेदावर श्रद्धा असावी, परंतु निदान होण्यापूर्वी गाठ विरघळवण्याचा प्रयोग करू नये.

आजाराला असातावेदनीय कर्माचा उदय मानून शांतपणे सहन करणारी स्त्री आदरास पात्र आहे. तथापि जैन दर्शन कर्माबरोबर पुरुषार्थही सांगते. उदयाला आलेले कर्म समभावाने भोगावे, हे खरे. म्हणून उपचार नाकारावेत, असा त्याचा अर्थ होत नाही. उपचार सुरू असताना तपाविषयी प्रश्न उभे राहतात. केमोथेरपीच्या काळात शरीराला पाणी आणि पोषण यांची नितांत गरज असते. वांती, जुलाब, जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. अशा वेळी उपवास, आयंबील, चौविहार यांविषयी आधी डॉक्टरांशी आणि मग गुरुजनांशी मोकळेपणाने बोलावे. पच्चक्खाणांत आगारांची योजना आहे, ती शरीराच्या अडचणी जाणूनच. औषधाच्या कॅप्सूलवरील आवरण प्राणिज असल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना पर्याय विचारावा. मात्र न विचारता औषध बंद करू नये.

घरातील पुरुषांचीही यात जबाबदारी आहे. पत्नीने किंवा आईने काही सांगितले, तर ‘सीझन संपू दे’ असे म्हणू नये. दुकान एक दिवस मुनीमजींवर सोपवता येते. तपासणीला सोबत जावे, डॉक्टर सांगतील ते लिहून घ्यावे, अहवालांची फाइल दुकानाच्या कागदपत्रांइतकीच नीट ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जे उद्दिष्ट ठेवले, त्यात पहिल्या भेटीपासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे, ही एक प्रमुख अट आहे. व्यापाऱ्याला मुदतीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

साध्वीजींच्या आरोग्याचा विचार

या विषयात एक वर्ग नेहमी नजरेआड राहतो, तो साध्वीजींचा. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी ख्रिस्ती मठांतील जोगिणींमध्ये स्तनांचा कर्करोग अधिक आढळतो, असे नमूद केले होते. गर्भधारणा आणि स्तनपान यांनी मिळणारे संरक्षण ब्रह्मचारिणींना मिळत नाही, हे त्याचे कारण आज ज्ञात आहे. लहान वयात दीक्षा घेतलेल्या साध्वीजींनाही हे लागू पडते. त्यातच सततचा पादविहार, बहुतेक परंपरांत वाहनाचा निषेध, पुरुष डॉक्टरांकडून तपासणीचा संकोच आणि स्वतःच्या देहाविषयीची विरक्ती. गाठ असली, तरी ती सांगणार कोणाला?

चातुर्मासात साध्वीवृंद चार महिने एका गावी स्थिर असतो. या काळात श्रीसंघाने गुरुणीजींच्या अनुमतीने एखाद्या महिला डॉक्टरांना उपाश्रयात किंवा स्थानकात आमंत्रित करावे. हाताने तपासण्यास यंत्र लागत नाही, औषध लागत नाही, फार तर पाव तास लागतो. पुढील तपासणीची गरज भासल्यास आपापल्या परंपरेच्या मर्यादेत ती कशी करावी, याचा निर्णय गुरुजन घेतील. परंतु प्रश्नच विचारला गेला नाही, असे होऊ नये.

औषधदान

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी दानाची चतुर्विध परंपरा समाजाने आजवर जपली आहे. रुग्णालयांना देणग्या देण्यात व्यापारी कुटुंबे कधी मागे राहिली नाहीत. महिला मंडळांची तपासणी शिबिरेही होतात. शिबिर भरवताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. तपासणी महिला डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिकेकडून आणि पडद्याआड व्हावी. संशय आढळलेल्या स्त्रीचे नाव गुप्त राहावे. आणि तिची पुढील तपासणी झाली की नाही, याचा पाठपुरावा कोणीतरी एका व्यक्तीने शेवटपर्यंत करावा. ज्या शिबिरानंतर पाठपुरावा नाही, त्यात फोटो निघतात, पण रोग तेथेच राहतो. शिबिराला येणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या आणि दुकानात काम करणाऱ्या भगिनीही असाव्यात. गाठ त्यांनाही होते आणि रजा मागण्याचा संकोच त्यांना अधिक असतो.

उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीरांनी गौतम गणधरांना अप्रमादाचा उपदेश केला आहे. तो आत्मसाधनेसाठी आहे, हे निर्विवाद. पण ज्या देहाच्या आधारे सामायिक, प्रतिक्रमण आणि तप घडते, त्या देहाच्या बाबतीतही प्रमाद परवडत नाही. यंदा पर्युषणापूर्वी घराची स्वच्छता होईल, तपाची तयारी होईल, पाहुण्यांची यादी होईल. त्याच सुमारास सासू, सून, नणंद, जावा यांनी मिळून डॉक्टरांची एक वेळ घ्यावी. बहुतेकींना ‘काही नाही’ हेच उत्तर मिळेल आणि त्या निश्चिंत मनाने पर्वाला बसतील. एखादीला वेगळे उत्तर मिळाले, तर ते माघापर्यंत थांबण्यापेक्षा श्रावणातच मिळालेले बरे. तेव्हा गाठ बोराएवढीच असते.